पहाटेचं रीडिंग खोडू नकोस

पोरी, तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि मग झोपच लागेना. तळ्याच्या एकाच जागेवर दुपारी दोनला डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, लिटरला 13 मिलिग्रॅम आणि पहाटे साडेपाचला 1.8, म्हणून मीटर बिघडला असं समजून पहाटेचा आकडा टेबलातून काढू का विचारतेस. नको काढूस. अजिबात नको.

अगं 25 डिग्रीला पाण्यात हवेतून लिटरला साधारण 8.3 मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, मग 13 आला कुठून? शेवाळातून. दिवसभर उन्हात ते ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच शेवाळ, गाळातले बॅक्टेरिया, मासे सगळे मिळून तो संपवतात, म्हणून ज्या हिरव्यागार तळ्याचं दुपारचं रीडिंग सगळ्यात भारी तेच पहाटे गुदमरतं. दोन्ही आकडे खरे आहेत. मीटरवर शंका असेल तर विंकलर कर ना, रसायनं घालून ऑक्सिजन मोजायची 1888 ची पद्धत आहे, अजून चालते. बीओडी बाटलीत, म्हणजे घट्ट बुचाच्या नमुन्याच्या बाटलीत, बुडबुडा राहू देऊ नकोस आणि मँगनीज सल्फेट, अल्कली आयोडाइड काठावरच घाल, लॅबमध्ये नेऊन नाही. साका पांढराच राहिला तर ऑक्सिजन नाहीच समज.

मला हे सगळं पाठ होतं गं, तरी अकरा वर्षं दुपारीच गेलो, कारण ऑफिसची गाडी साडेदहाला निघायची. एका तळ्याला डीओ 9 बघून 'पाणी चांगलं' असं सही करून दिलं. तीन आठवड्यांनी सकाळी काठावर मेलेल्या माशांचा थर, आणि तिथले जाळं टाकणारे काका एवढंच म्हणाले, साहेब तुम्ही पहाटे कधी आलातच नाही. काय बोलणार होतो मी?

त्यानंतर रिटायर होईपर्यंत स्वतःच्या स्कूटरवर पहाटे गेलो. एकाच तळ्यावर आयुष्य घालवलं, पेपर किती थोडे, असं लोक बोलतात. असू देत थोडे. लोणारचं पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झालं तेव्हा सगळे फोटो काढायला धावले, पण त्याच्या आधीच्या वर्षांत तिथे वही घेऊन नेमाने जाणाऱ्यालाच कळतं की बदललं नेमकं काय. सॅटेलाइटला पाण्याचा रंग दिसतो, ऑक्सिजन नाही दिसत. त्यासाठी पहाटे उठूनच जावं लागतं.

गाइडना आकडा विचित्र वाटत असेल तर वाद घालत बसू नकोस, पूर्ण 24 तासांचं रीडिंग समोर ठेव, दर दोन तासांनी, वर एक आणि तळाशी एक. एकटी मात्र जायचं नाही. शनिवारी मी येतो, टॉर्च आणि चहाचा थर्मास माझ्याकडे, विंकलरला शेवटी लागणारं थायोसल्फेट तेवढं ताजं करून आण.