शाळेत रागाच्या भरात वह्या फाडणाऱ्या मुलाला सांभाळायचं कसं?

दुसरीतला मुलगा चिडला की वही फाडतो, शेजारच्याला ढकलतो आणि घरी 'का केलंस?' विचारलं की गप्प बसतो, असं तुम्ही लिहिलंय. गप्प बसतो कारण त्याला खरंच सांगता येत नाही. मी कळव्यात पहिली-दुसरीला शिकवते. हाच प्रश्न मीही वर्षानुवर्षं विचारला आणि 'माहीत नाही' हेच उत्तर ऐकलं.

गेल्या वर्षी लंगडीत बाद झाल्यावर एक मुलगा दुसऱ्याच्या हाताला कडकडून चावला. त्याला बाजूला घेतलं, पाणी पाजलं आणि 'का'ऐवजी विचारलं, "कुठे काय होतंय?" म्हणाला, "कान तापलेत." मग आमचं ठरलं, कान तापले की न विचारता उठायचं आणि बाटली भरून आणायची. पहिला आठवडाभर त्याचे कान नेमके गणिताच्या तासाला तापायचे! मी जाऊ दिलं. पुढे एकदा खेळ सोडून कान धरून आला. "बाई, राग नाही आला. सगळे हसले ना, म्हणून कसंतरी झालं." म्हटलं, "अरे, ओशाळलास तू." तो शब्द त्याने दोन दिवस सगळ्यांना ऐकवला.

हिरमुसणं, खट्टू होणं, हेवा, धास्ती, भेदरणं, कानकोंडं होणं एवढं सगळं आपल्याकडे असताना मुलांच्या वाट्याला येतं 'अँग्री' आणि 'सॅड'. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मोठ्या माणसांवर केलेल्या प्रयोगात, चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीती-रागाला चटकन प्रतिसाद देणाऱ्या भागाची, खळबळ कमी होते, असं दिसलं होतं. पण हे शब्द रात्री जेवताना, गोष्ट सांगताना पेरायचे. पोर थयथयाट करत असताना शिकवायला गेलात तर दोघंही चिडाल.

निळा-हिरवा-पिवळा-लाल असे तक्तेही मिळतात; आपलं मन आत्ता कसं आहे ते मुलाने रंगावरून सांगायचं, लाल म्हणजे राग अनावर. मूळ कल्पना अमेरिकेतल्या लिआ कायपर्स यांची, आणि चांगली आहे. आमच्या वर्गात मात्र आठवड्याभरात "बाई, हा बघा रेड झालाय!" अशा चहाड्या सुरू झाल्या. तक्ता काढून ठेवला.

तुमचा मुलगा स्वतःला मारून घेत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही.

आणि बाई डायरीत तक्रार लिहितात ना, त्यांना शेजारी वेळही टाकायला सांगा. माझ्या वर्गातल्या एकीची सगळी भांडणं मोठ्या सुट्टीच्या आधीची निघाली. घोडबंदर रोडच्या जाममधून व्हॅनने यायची, सकाळी सहाला नुसतं दूध पिऊन. आईने दप्तराच्या पुढच्या कप्प्यात दोन राजगिऱ्याच्या वड्या ठेवायला सुरुवात केली आणि निम्मी भांडणं गेली.