कागदाचा साठा आणि कार्डाची थकबाकी

घरच्या डार्करूममध्ये स्लाइडवरून (प्रोजेक्टरवर दाखवायच्या रंगीत पॉझिटिव्ह फिल्मवरून) रंगीत प्रिंट काढण्यासाठी जुना एन्लार्जर, म्हणजे फिल्मवरचे चित्र मोठे करून कागदावर पाडणारे यंत्र, रोखीने घ्यावा की हप्त्यांनी, एवढेच आपण विचारले आहे. सध्या दोन्ही नको. मला काळजी वाटते ती आपण ओघात लिहून गेलात त्या दोन गोष्टींची. सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढ्या शिल्लकीपैकी चार महिन्यांची रक्कम मोडून स्लाइडवरून थेट प्रिंट काढायच्या सिबाक्रोम कागदाचे 200 ताव आपण घेणार आहात, कारण ‘हा कागद आता बनत नाही, भाव चढतच जाणार’ असे विक्रेत्याने सांगितले आहे. आणि विमा-बचत योजनेचा एकरकमी हप्ता क्रेडिट कार्डावर भरल्यामुळे दोन महिन्यांच्या खर्चाएवढी थकबाकी डोक्यावर आहे.

आधी थकबाकी पाहू. दरमहा 3 टक्के म्हणजे वर्षाला 36 टक्के. 60 दिवसांच्या घरखर्चाएवढ्या बाकीवर हे व्याज वर्षाला सुमारे 22 दिवसांच्या खर्चाएवढे होते. योजना 12 वर्षांत पैसे दुप्पट करणार, म्हणजे वर्षाला जेमतेम 6 टक्के देणार. ज्याने 36 टक्क्यांच्या कर्जातून आपल्याला 6 टक्क्यांची योजना घ्यायला लावली, त्याने केवळ स्वतःचे कमिशन पाहिले. याच आठवड्यात शिल्लकीतून कार्डाची बाकी पूर्ण फेडा. योजना आत्ता बंद केल्यास हाती किती येईल, हे कंपनीकडून लेखी मागवा आणि उरलेल्या चार महिन्यांच्या रकमेला हात लावू नका.

आता कागद. सिबाक्रोमचे रंग कागदातच असतात आणि प्रकाश पडला त्या प्रमाणात ते ब्लीचमध्ये नष्ट होतात. त्याच्या प्रिंट टिकाऊ म्हणून नावाजल्या गेल्या, आपली ओढ मला समजते. परंतु त्याचे उत्पादन थांबून दशकाहून अधिक काळ लोटला आहे, आणि त्याला लागणारी रसायने वेगळी, त्यांतले ब्लीच तीव्र आम्लाचे. ती रसायने हाती नसतील तर 200 ताव नुसते पडून राहतील. शिवाय रंगीत कागदाचा डबा उजेडात उघडून तपासता येत नाही. जुन्या कागदावर धूसरपणा चढला असेल तर या पद्धतीत काळ्या जागाच मळकट होतात, आणि हे कळते ते पहिला ताव रसायनांच्या ड्रममधून ओला बाहेर आल्यावर, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर. उद्या आपल्याकडून घेणाराही याच अंधारात असेल. मग चढा भाव देणार कोण? चाचणीपट्ट्या धरून एका चांगल्या प्रिंटमागे तीन-चार ताव गेले, तर 200 तावांतून 50 ते 66 प्रिंट निघतील. नासणारा माल गुंतवणूक म्हणून विकणाऱ्याचा मला मनस्वी राग येतो.

छंद मात्र सोडू नका. निगेटिव्हवरून रंगीत प्रिंट काढण्यासाठी बनणारा आरए-4 प्रक्रियेचा कागद आजही मिळतो. त्याला आधी कृष्णधवल डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) द्यावा, धुवून उजेड दाखवावा, मग रंगीत डेव्हलपर आणि ब्लीच-फिक्स (चांदी काढून चित्र पक्के करणे) करावे, की स्लाइडवरून थेट प्रिंट निघते. हा कागद मऊ, म्हणजे कमी कॉन्ट्रास्टच्या (उजळ आणि गडद भागांतल्या कमी फरकाच्या) निगेटिव्हसाठी घडवलेला असल्यामुळे आधीच जास्त कॉन्ट्रास्ट असलेल्या स्लाइडचा कॉन्ट्रास्ट फार वाढतो; पहिला डेव्हलपर पातळ करून तो काहीसा आवरता येतो. हे शिकायला एन्लार्जरही लागत नाही: पूर्ण अंधारात स्लाइडची पट्टी कागदावर ठेवून वर काच दाबावी आणि रंगीत फिल्टर लावलेल्या दिव्याचा उजेड क्षणभर पाडावा. कार्ड फिटल्यावर दरमहा जवळपास दोन दिवसांच्या खर्चाएवढे व्याज वाचेल. त्यातून कागदाचे एक लहान पाकीट आणि रसायने घ्या. बाकीचे शिल्लकीत परत टाका आणि ती पुन्हा सहा महिन्यांची झाली की एन्लार्जर रोखीने आणा.