‘पाय गार लागतोय का, बघ गं’

“मॅडम, मी चाललो आणि रक्ताची गाठ सुटली तर?”

पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या आणि त्यातच रक्त गोठण्याचा दोष निघालेल्या माणसांकडून समुपदेशक म्हणून मी हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की आता लिहायलाच हवं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

वय 57. चाललं की पोटरीत गोळे यायचे, म्हणून चालणं सोडलेलं. सिगारेट मात्र सुटली नव्हती. एके दिवशी पायाच्या धमनीत गाठ झाली. ती काढली, पाय वाचला. रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, म्हणजे गाठी होण्याची शक्यता वाढवणारी प्रथिनं, सापडल्या. निदान पक्कं करायला ही तपासणी किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करतात. तोवर वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) 2 ते 3 च्या मध्ये. सिगारेट बंद, चालणं सुरू, असं डॉक्टरांनी बजावलं. सिगारेट सुटली, पण गृहस्थ खुर्चीतून उठेनात.

माझ्यासमोर बसल्याबसल्या त्यांनी तीनदा मोजा खाली सरकवला आणि हाताची पालथी बाजू पावलाला लावली. पत्नी म्हणाल्या, “रात्री मला उठवतात. पाय गार लागतोय का, बघ गं.”

मी धीर दिला नाही. धीर त्यांना घरी रोज मिळत होता.

माहितीही होती. धमनीतलं रक्त हृदयाकडून बोटांकडे वाहतं, त्यामुळे पायाच्या धमनीतली गाठ उलटी हृदयाकडे चढत नाही. फुप्फुसात जाते ती सहसा शिरेतली, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. चालताना येणारे गोळे म्हणजे स्नायूला रक्त कमी पडतंय, पायाला इजा होतेय असं नाही, हेही पाठ होतं. पाठ असून उपयोग नव्हता.

चौथ्या भेटीत मी विचारलं, “तपासल्यावर किती वेळ बरं वाटतं?”

“चार-पाच मिनिटं.”

“मग?”

“मग वाटतं, मघाशी नीट पाहिलं नसेल.”

मी पुढे काही बोलले नाही. गप्प कधी बसायचं, एवढं इतक्या वर्षांत मला जमायला लागलंय. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “मला पाय बघायचाच नसतो हो. आज काही होणार नाही, असं कुणीतरी सांगायला हवं असतं.” आणि मोजा वर ओढून घेतला.

इथेच गाठ उकलली. गाठ होऊ नये, ही इच्छा रास्तच. ती होणारच नाही अशी हमी मिळेपर्यंत मी उठणार नाही, ही मात्र अट झाली. माझा अनुभव असा, की माणूस आजारापेक्षा या अटीनेच जास्त जायबंदी होतो.

मग पत्नीने कागदावर लिहून घेतलं. पाय दिवसातून एकदाच बघायचा, उजेडात, तळवे आणि बोटांच्या बेचक्यांसकट. (मधुमेहाने पाय बधिर असतील त्यांनी हे अजिबात चुकवू नये.) पाय अचानक असह्य दुखला, पांढरा किंवा निळसर पडला, गार झाला, बधिरला, बोटं हलेनाशी झाली, तर तडक इस्पितळ, त्यात तासांचा हिशोब असतो. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दाताच्या डॉक्टरांनाही वॉरफरिन चालू असल्याचं आधी सांगायचं. आणि डॉक्टरांनी आखून दिलेलं चालणं: गोळे बऱ्यापैकी येईपर्यंत चालायचं, थांबायचं, ओसरले की पुन्हा, आठवड्यातून तीनदा. त्याचाही कार्यक्रम 12 आठवड्यांचाच निघाला. मला तो योगायोग फार आवडला. नुसती रिपोर्टची वाट बघण्यात जाणारे आठवडे कामी लागले.

शेवटच्या भेटीत हातात रिपोर्टचं पाकीट होतं, पण आधी उघडली ती वही. न थांबता चालणं 3 मिनिटांवरून 11 वर गेलं होतं. “अँटिबॉडी पुन्हा आल्यात. गोळी चालू ठेवायची म्हणालेत,” हे त्यांनी उठता उठता सांगितलं.

दारातून परत वळले. “मॅडम, दाढी करताना कापलं तर?”

“दहा मिनिटं घट्ट दाबून धरा. नाहीच थांबलं तर डॉक्टर.”

“मध्ये मध्ये उचलून बघायचं नाही ना?” पत्नीने विचारलं, आणि पहिल्यांदा दोघंही हसले.