इंदूरजवळ सोयाबीनवर उंटअळी दिसतेय, निंबोळी अर्काने भागेल का?

हो, अळ्या लहान असतील तर ५ टक्के निंबोळी अर्काने भागतं. त्यातल्या अझाडिरेक्टिनमुळे अळी पान खाणं सोडते, तिला नीट कात टाकता येत नाही. म्हणून फवारल्यावर लगेच मेलेल्या दिसल्या नाहीत तरी घाबरू नका. आमच्या सांवेरच्या शेतात हेच वापरतो: ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवायचा, सकाळी दुधाळ पाणी फडक्यातून पिळून गाळायचं, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घालायचा आणि एकूण १०० लिटर करायचं. फवारणी त्याच दिवशी, पण ऊन उतरल्यावरच. उन्हात अर्काचा जोर जातो. खोडात शिरलेल्या चक्रीभुंग्याच्या अळीपर्यंत मात्र तो पोहोचत नाही, तिथे यावर विसंबू नका.