ठाणे खाडीतील पहिल्या बोटफेरीपूर्वी

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो पाहायला जायचे ठरवत असाल, तर सुट्टीचा वार पाहण्याआधी भरतीचे वेळापत्रक पाहावे. कारण बोटी भरतीच्या पाण्यावर सुटतात आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने, मागच्या रविवारी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांची वेळ तुमच्या कामाची राहत नाही. उधाणाच्या पूर्ण भरतीत चिखलाचे पट्टे बुडतात आणि पक्षी इतरत्र विसाव्याला जातात. म्हणून चिखल अजून थोडा उघडा असतानाची फेरी मिळाल्यास, माझ्या मते, तीच घ्यावी.

दुर्बीण अवश्य न्यावी. मोबाइलच्या कॅमेऱ्यात थवा म्हणजे नुसती गुलाबी रेघ दिसते. गडद किरमिजी चोचीचा, बुटका तो छोटा रोहित (रोहित म्हणजेच फ्लेमिंगो). गुलाबी चोचीचे केवळ टोक काळे असलेला, उंच तो मोठा रोहित. करड्या रंगाचे पक्षी ही निराळी जात नसून ती अल्पवयीन पाखरे असतात, कारण गुलाबी रंग शेवाळासारख्या खाद्यातील रंगद्रव्यांतून हळूहळू चढतो.

बोट आणखी जवळ नेण्याचा आग्रह चालकाला कृपया करू नये. हे क्षेत्र २०१५ पासून अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. शिवाय थवा उडाला की त्याचे चरणे थांबते. टोपी व पाणी सोबत ठेवावे आणि निघण्यापूर्वी आरक्षणाची खात्री करून घ्यावी.