लॉरेन्स शेरिफच्या दोन शाळा आणि वाकडचा फ्लॅट

प्रश्न: ऑगस्टमध्ये माझी बदली पुण्याहून इंग्लंडला, कॉव्हेंट्रीला होत आहे. वर्क व्हिसा आहे, कुटुंबही सोबत येईल. मुलगा चौथीत आहे, डिसेंबरमध्ये त्याला नऊ पूर्ण झाली. कॉव्हेंट्रीजवळच रग्बी स्कूल आहे. साडेचारशे वर्षांचा इतिहास, वेधशाळा, थिएटर, मैदानं बघून आम्ही दोघंही भारावून गेलो. वाकडचा फ्लॅट विकून त्याला तिथे घालावं का? त्याला इंजिनिअर व्हायचंय. सध्या घरातलं जे दिसेल ते खोलून बसतो.
– एक पालक, पुणे

नमस्कार,

फ्लॅट विकू नका. का ते सांगतो, पण ज्या इतिहासाने तुम्ही भारावलात तोच आधी जरा नीट वाचू.

लॉरेन्स शेरिफ हा लंडनचा किराणा व्यापारी. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या घरी त्याचा माल जायचा. 1567 मध्ये मरण्यापूर्वी त्याने रग्बी हे गाव आणि शेजारचं ब्राउन्सओव्हर इथल्या मुलांसाठी मोफत शाळेची तजवीज मृत्युपत्रात करून ठेवली. तीच ही रग्बी स्कूल. मग शेवटच्या काही आठवड्यांत मृत्युपत्राला पुरवणी जोडली. शाळेला द्यायची रोख रक्कम रद्द केली आणि तिच्याऐवजी लंडनबाहेरच्या एका कुरणाचा तिसरा हिस्सा शाळेच्या नावे केला. हे कुरण म्हणजे आजच्या ब्लूम्सबरीतली जागा. लंडन पसरलं, कुरणावर घरं उठली, भाडी चढत गेली. (हिंजवडीच्या आसपास ज्यांची शेती होती त्यांना हे समजावून सांगायला नको.) तिथल्या एका रस्त्याचं नाव आजही रग्बी स्ट्रीट आहे.

पैसा आला, नाव झालं, तशी लांबलांबची पैसेवाल्यांची मुलं फी भरून राहायला येऊ लागली. तरी गावातल्या मुलांचा मोफत शिक्षणाचा हक्क बरीच वर्षं टिकून होता. रग्बी हा खेळ ज्याच्या नावावर आहे तो विल्यम वेब एलिस अशाच मोफत जागेवर शिकला. वडील 1811 साली लढाईत मारले गेले, आणि मुलांचं शिक्षण फुकटात व्हावं म्हणून आईने बिऱ्हाड रग्बीला हलवलं. शाळा बघून घर घेणाऱ्या पालकांची परंपरा एवढी जुनी आहे! बाकी, 1823 साली त्याने चेंडू हातात धरून धाव ठोकली ही गोष्ट पहिल्यांदा छापली गेली 1876 मध्ये, म्हणजे तो वारल्यावर चार वर्षांनी. 1895 मध्ये माजी विद्यार्थ्यांनी चौकशी केली, पण प्रत्यक्ष पाहणारा एकही साक्षीदार मिळाला नाही. 1845 मध्ये तिघा विद्यार्थ्यांनी खेळाचे नियम लिहून काढले, हे मात्र खरं. शाळेच्या माहितीपत्रकात कोणती गोष्ट ठळक छापतात ते तुम्ही पाहिलंच असेल.

तुमच्या कामाचा भाग यापुढचा आहे. फी भरणाऱ्यांची गर्दी झाली तेव्हा गावच्या मुलांचं काय, हा प्रश्न उभा राहिला. म्हणून 1878 मध्ये त्याच देणगीच्या आधारावर स्थानिक मुलांसाठी दुसरी शाळा निघाली, लॉरेन्स शेरिफ स्कूल. ती क्लिफ्टन रोडवर आजही आहे. सरकारी अनुदानावर चालणारी मुलग्यांची ग्रामर स्कूल, म्हणजे प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणारी शाळा आहे, शिकवण्याची फी शून्य. वर्क व्हिसावर आलेल्याच्या मुलांना इंग्लंडमधल्या सरकारी शाळेत शिकता येतं. फी भरून खासगी शाळेतच शिकायचं, हे बंधन मुलाला स्वतंत्र विद्यार्थी व्हिसावर पाठवलं तर येतं.

उलट रग्बी स्कूलमध्ये राहून शिकायचं तर वर्षाला 50 हजार पौंडांच्या पुढे, म्हणजे अर्ध्या कोटीहून जास्त. जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅटही बसतो. तिथला मुख्य प्रवेश तेराव्या वर्षी. घरून येऊन-जाऊन शिकणारी मुलंही घेतात, गरजूंसाठी 2003 पासून अर्नॉल्ड फाउंडेशन आहे, पण तुमच्यासारख्या नोकरदाराच्या घरी ती मदत मिळेल असं गृहीत धरू नका. शाळा वाईट आहे का? मुळीच नाही, उत्तम आहे. पण वेधशाळा आणि थिएटर असण्यापेक्षा तुमच्या लेकाला आठवड्यात किती वेळा हातात पाना-करवत मिळते, हे मला महत्त्वाचं वाटतं. कुठलीही शाळा बघायला गेलात की डिझाइन अँड टेक्नॉलॉजीची वर्कशॉप दाखवा म्हणा. यंत्रांवर धूळ आहे का, भिंतीला लावलेली कामं यंदाची आहेत की तीन वर्षांपूर्वीची, हे बघा. मग विचारा, सोळाव्या वर्षापर्यंत हा विषय घेता येतो का आणि त्यानंतर ए लेव्हलला (तिकडची अकरावी-बारावी) फर्दर मॅथ्स, म्हणजे गणिताचा पुढचा जादा विषय, शिकवतात का. इंजिनिअरिंगला गणित आणि बहुतेक ठिकाणी फिजिक्सही लागतं, चांगल्या विद्यापीठांत फर्दर मॅथ्सचं वजन पडतं.

फ्लॅट ठेवायचा तो विद्यापीठासाठी. अठराव्या वर्षापर्यंत कायम वास्तव्याचा परवाना मिळाला नाही, तर इतकी वर्षं तिथे राहूनही बहुधा परदेशी विद्यार्थ्याची फी लागेल, आणि इंजिनिअरिंगची ती फी चांगलीच भारी असते.

आता तारखा. तिकडे इयत्ता 1 सप्टेंबरच्या वयावर ठरते, त्यामुळे तो इयर फाइव्हला जाईल. ग्रामर स्कूलची इलेव्हन प्लस ही प्रवेश परीक्षा इयर सिक्सच्या सुरुवातीला, सप्टेंबरात. इंग्रजी, गणित आणि तर्काचे प्रश्न असतात. शिष्यवृत्तीची पुस्तकं घरात असतील तर बुद्धिमत्ता चाचणीचा भाग आत्ताच काढा. घाई मराठीतून इंग्रजी वाचनाकडे वळायची आहे, गणितात आपली मुलं सहसा मागे नसतात. शाळांची पसंती 31 ऑक्टोबरपर्यंत कळवायची, कोणती शाळा मिळाली ते 1 मार्चच्या सुमारास कळतं. जागा वाटताना पत्ता बघतात, म्हणून भाड्याचं घर घेण्याआधी लॉरेन्स शेरिफच्या प्राधान्य क्षेत्राचा नकाशा उघडा. रग्बीहून कॉव्हेंट्री रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर आहे, तुमचं ऑफिस जमेल.

परीक्षेत नाही जमलं तर घराजवळची साधी सरकारी शाळा घ्या आणि सोळाव्या वर्षी पुन्हा ग्रामर स्कूलच्या सिक्स्थ फॉर्मला (ए लेव्हलची शेवटची दोन वर्षं) अर्ज करा, तेव्हा प्रवेश गुणांवर मिळतो. मराठी तिथल्या जीसीएसईत, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत, नाही, ती घरीच सांभाळावी लागेल.

परीक्षेची नावनोंदणी पुढच्या वर्षी उन्हाळ्यातच बंद होईल, सप्टेंबरपर्यंत थांबू नका. रग्बी ज्या वॉरिकशायर काउंटीत येतं तिच्या कौन्सिलच्या प्रवेश विभागाला आजच ईमेल करा, नोंदणीची शेवटची तारीख आणि पत्त्याचा पुरावा कधीपर्यंत चालतो, या दोनच गोष्टी विचारा.