अमेरिकेत काही राज्यं प्रवासी रेल्वेला पैसे देतात, काही नाकारतात, असं का?

मूळ २००८ च्या कायद्यात आहे. ७५० मैलांपेक्षा कमी अंतराच्या ॲमट्रॅक (अमेरिकेची राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनी) गाड्यांचा तोटा २०१३ पासून राज्यांनी भरायचा. रूळ-डब्यांना केंद्राचं अनुदान मिळतं, पण दरवर्षीची तूट राज्याच्या बजेटात दिसते. तिथेच घोडं अडतं.

विस्कॉन्सिनने २०१० मध्ये मिल्वॉकी-मॅडिसन रेल्वेमार्गासाठी केंद्राने दिलेले ८१ कोटी डॉलर सोडून दिले. नवे गव्हर्नर वॉकर यांचा आक्षेप मुख्यतः त्या वार्षिक खर्चाला होता. राज्याने टॅल्गो या स्पॅनिश कंपनीकडून मागवलेल्या गाड्या शेवटी नायजेरियातल्या लागोसला गेल्या! इंडियानाने २०१९ मध्ये निधी थांबवला आणि तिथली ‘हूझियर स्टेट’ ही रेल्वेगाडी बंद पडली.

उलट व्हर्जिनियाने हिशेबच वेगळा मांडला: आय-९५ महामार्गावर ५२ मैल दोन्ही बाजूंना एकेक लेन वाढवायला सुमारे १२.५ अब्ज डॉलर, रेल्वेचा पर्याय ३.७ अब्जांत. मग २०१९ मध्ये तिथल्या रुळांची मालक असलेल्या सीएसएक्स या मालगाडी कंपनीशी करार झाला. माझ्या मते, राज्यात सत्ता कोणत्या पक्षाची यापेक्षा हा हिशेबच कारण म्हणून जास्त पटतो.

विस्कॉन्सिनही बदललंय. २०२४ पासूनची शिकागो-सेंट पॉल ‘बोरिआलिस’ गाडी मिनेसोटा आणि इलिनॉयसोबत तेही पैसे देऊन चालवतं.